तीन मीटर शिवण, हजार भोकं

(दृश्य: माळ्यावरून काढलेलं जुनं इरलं, अंगणात उपडं ठेवलेलं)

बेळगावजवळच्या खानापूरकडं एखाद्या जुन्या घरात माळ्यावर अजून इरलं सापडतं. बांबूच्या कामट्या, मध्ये दाबून बसवलेली पानं. पावसात भातलावणीला वाकलेल्या बाईची पाठ झाकली की काम झालं. हात मोकळे, आणि वजन असून नसल्यासारखं. पुढं प्लॅस्टिकचा कागद आला आणि इरलं माळ्यावर गेलं.

डोंगरात मुक्कामाला न्यायचं हलकं कापडी छप्पर आम्ही शिवतोय, तेही एका अर्थी इरलंच, झोपलेल्या माणसाचं.

(दृश्य: बेळगावातल्या वडगावची गल्ली, मागांचा खडखडाट. आत पायमशीन)

वडगाव-शहापुरात साड्या विणणारे माग गल्लीगल्लीत. आमचं कापड मात्र बाहेरून मागवलेलं. सिलनायलॉन म्हणजे बारीक चौकटीच्या विणीचं, सिलिकॉन मुरवलेलं नायलॉन. चौरस मीटरला साधारण 45 ते 50 ग्रॅम. दोन पट्टे मधोमध जोडले की तीन मीटर लांब आणि जवळपास तेवढंच रुंद छप्पर होतं. नाड्या-दोऱ्या धरून अर्धा किलो. तेवढ्याच मापाची जाड ताडपत्री सहज दीड किलोवर जाते, आणि ती पाठीवर घेऊन राजहंसगड चढताना कोण काय बोलतं ते इथं ऐकवण्यासारखं नाही.

शेजारचे काका दारातून डोकावतात. "काय गा, मांडव शिवूलालास?"

मांडवच, काका. पिशवीत मावणारा.

हे वेड आमच्यापासून सुरू झालेलं नाही. 1955 साली 67 वर्षांच्या एमा गेटवूड अमेरिकेतली सव्वातीन हजार किलोमीटरची अपालाचियन वाट एकट्या चालून गेल्या. खांद्यावर घरी शिवलेली झोळी आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नव्हताच.

आता खरी गोम. लोक कापडाची किंमत विचारतात, पाणी मात्र शिवणीतून येतं. टाका तीन मिलिमीटरचा धरा. तीन मीटरच्या शिवणीत हजार टाके, म्हणजे हजार भोकं. तीही नेमकी माथ्यावर! म्हणून दोन्ही कडा एकमेकींत दुमडून, जीन्सच्या पायाला असते तशी चपटी दुहेरी शिवण घालायची. टिपा दोन, तेव्हा भोकंही दुप्पट होतात. पण कापडाचे चार थर बसतात आणि ताण दोन्ही टिपांवर वाटला जातो. सुई बारीक, अकरा नंबरची. दोरा पॉलिएस्टरचा, कारण सुती दोरा भिजून कुजतो. टाचण्या लावायच्या त्या शिवणीच्या आत जाणाऱ्या पट्टीतच, नाहीतर आणखी भोकं. आणि कापड असं निसटतं की पहिला पट्टा आम्ही तीनदा उसवला.

ही भोकं बुजवायला चिकटपट्टी लावावी, तर ती सिलिकॉनवर धरत नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन टर्पेंटाईनमध्ये पातळ करायचं आणि ब्रशनं शिवणीवर फिरवायचं. खोलीभर व्हिनेगरसारखा वास सुटतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा.

(दृश्य: येळ्ळूरचं शिवार, मागे राजहंसगड, संध्याकाळ)

उभारणी आम्ही धनगरांच्या पालाकडं बघून शिकलो. मेंढरं बसवायला आलेला धनगर वाऱ्याच्या अंगाची बाजू जमिनीला टेकवतो आणि तोंड उलट्या दिशेला ठेवतो. आमच्याकडं खांबांऐवजी चालायच्या दोन काठ्या, बाकी रीत तीच.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. जुलैत हे घेऊन कणकुंबी-जांबोटीकडं जाऊ नका. तिथला पाऊस आडवा येतो, आणि तळ नसलेल्या छपराखाली जळवांना मोकळं रान मिळतं. हे हिवाळ्याचं सोंग आहे. भीमगड अभयारण्यात तर कुठल्याही ऋतूत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नको.

हिवाळ्यातही पाणी असतंच. रात्री दहिवर पडतं. ओलं झालं की नायलॉन सैल पडतं, म्हणून झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. शिवाय आपलाच श्वास छपराच्या आतून थेंब होऊन बसतो, त्यामुळं दोन्ही तोंडं मोकळी ठेवलेली बरी.

(दृश्य: पहाट, छपराचा कोपरा जवळून)

सकाळी माथा कोरडा होता. ओलं झालं ते उशाचं एक टोक. दोरी बांधायचा फासा जिथं शिवला होता, तिथल्या आठ-दहा टाक्यांना सिलिकॉन लावायचं राहून गेलं होतं.

डबी पुन्हा उघडली. वास सुटला. मेरेवरून काकांचा आवाज आला, "भेळ करूलालास व्हय रं?"