मॉलीने जगवलेली वासरं

[दृश्य : टेक्सासमधलं कॅप्रॉक कॅन्यन्स उद्यान. पहाट, लाल माती, बायसनचा कळप]

वशिंडावरचे केस दवाने ओले झालेत. नाकातून वाफा निघताहेत. बायसन म्हणजे अमेरिकेतली केसाळ, वशिंडाची रानगुरं. टेक्सास राज्याचा हा अधिकृत बायसन कळप. यांचे पूर्वज एका बाईच्या हट्टामुळे वाचले. तिचं नाव मेरी ॲन गुडनाइट. घरीदारी सगळे तिला मॉली म्हणत. पुस्तकांत मोठं नाव येतं ते तिच्या नवऱ्याचं, चार्ल्स गुडनाइटचं. मॉलीची गोष्ट सांगायची तरी सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते.

[दृश्य : जुना नकाशा, त्यावर सरकणारी रेघ]

चार्ल्सचा जन्म 1836चा, इलिनॉयमधला. तो पाच वर्षांचा असताना वडील गेले. आईने शेजारच्या शेतकऱ्याशी लग्न केलं आणि 1845 संपता संपता घर टेक्सासच्या वाटेला लागलं. नऊ वर्षांच्या चार्ल्सने सुमारे 800 मैल घोडीच्या उघड्या पाठीवर बसून काढले. शाळा जेमतेम सहा महिने झाली होती. विशीत त्याने सावत्र भावाबरोबर दुसऱ्याची गुरं वाट्याने सांभाळायला घेतली. चार वासरांमागे एक वासरू यांचं. स्वतःचा कळप असा वासरावासराने उभा राहिला.

[दृश्य : लाकडी गाडी, मागचं कपाट उघडणारे हात]

ही गाडी नीट बघा. 1866 मध्ये चार्ल्स आणि त्याचा जोडीदार ऑलिव्हर लव्हिंग साधारण 2,000 गुरं घेऊन न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरकडे निघाले. लष्कराला तिथे मांस हवं होतं. वाटेत पेकोस नदीपर्यंत 80 मैल पाण्याचा थेंब नाही. अठरा माणसांना रोज दोन वेळा जेवू कसं घालायचं? चार्ल्सने लष्कराची एक जुनी गाडी घेतली, तिला चिवट लाकडाचे आस बसवले आणि मागे हे कपाट ठोकलं. खणांत पीठ, घेवडा, कॉफी, आंबवलेली कणीक, सुईदोरा, औषधाच्या बाटल्या. फळी खाली पाडली, तिला पाय लावला की झालं टेबल. गाडीच्या पोटाखाली कातड्याची झोळी ताणलेली. वाटेत मिळेल ते सरपण त्यात पडायचं, लाकूड नसलं तर रानशेणी. अशा प्रवासात रात्री गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे करून ठेवत, म्हणजे सकाळी दिशा चुकायला नको. हीच ती चकवॅगन, गुराख्यांचं चालतं स्वयंपाकघर.

याच वाटेवर बोस इकर्ड होता, गुलामीत जन्मलेला कृष्णवर्णीय गुराखी. चार्ल्स आपले पैसे विश्वासाने त्याच्याकडे ठेवायचा.

[दृश्य : पालो ड्युरो कॅन्यन, वरून]

1870 मध्ये चार्ल्सचं मॉलीशी लग्न झालं. आईवडील गेल्यावर शाळेत शिकवून तिने धाकट्या भावांना वाढवलं होतं. कोलोरॅडोत संसार मांडला आणि 1873 च्या मंदीत सगळं बुडालं. मग 1876 मध्ये उरलेली 1,600 गुरं घेऊन चार्ल्स टेक्सासमधल्या या दरीच्या काठावर आला. 1874 मध्ये अमेरिकी सैन्याने कोमान्ची आणि कायोवा या मूळनिवासी लोकांच्या छावण्या इथेच जाळल्या होत्या, त्यांचे हजारावर घोडे मारले होते. त्यांच्याच जुन्या पायवाटेने एकामागे एक गुरं खाली उतरली. गाडी सुटी करून तिचे भाग खेचरांवर लादले. तळाशी बायसन चरत होते. कुरण मोकळं करायला चार्ल्सच्या माणसांनी त्यांना हाकलून दिलं.

पुढच्या वर्षी आयर्लंडच्या जॉन अडेर या श्रीमंत जमीनदाराने भांडवल घातलं आणि जेए रँच, म्हणजे गुरं पाळायचं मोठं कुरण, उभं राहिलं. नाव अडेरच्या आद्याक्षरांचं, राबणं गुडनाइटांचं. भरभराटीच्या दिवसांत जमीन 13 लाख 25 हजार एकरांवर गेली आणि गुरं लाखावर.

[दृश्य : लाकडी खोपटाची चौकट, कोंबडी]

मॉलीला सर्वांत जवळचा शेजार 75 मैलांवर. एकदा एका गुराख्याने तिला गोणीतून तीन कोंबड्या आणून दिल्या. त्या कापल्या गेल्या नाहीत. जिथे मॉली जाई तिथे त्या मागे मागे. ती त्यांच्याशी बोलायची.

बाहेर माळावर शिकारी कातड्यांसाठी बायसन मारत होते. आया मेल्या की वासरं तिथेच भुकेने मरायची. मॉलीने ती वाचवायचा आग्रह धरला. 1878 मध्ये चार्ल्सने काही वासरं फास टाकून धरून आणली आणि दूध पाजायला ती दुभत्या गाईंच्या आचळांना लावली.

[दृश्य : गाय आणि वासरू. निवेदन नाही]

या वासरांपासून वाढलेल्या कळपातले बैल 1902 मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गेले. 1997 मध्ये वंशज इथे, कॅप्रॉकला आले.

[दृश्य : 1887 चं घर, माडीवरची पडवी]

मूलबाळ झालं नाही. पण गुडनाइट गावात दोघांनी मुलांसाठी कॉलेज काढलं. मॉली 1926 मध्ये गेली. आजारी चार्ल्सची काळजी घेणाऱ्या तरुण कोरीनशी त्याने आपल्या 91व्या वाढदिवशी लग्न केलं. 1929 मध्ये तोही गेला.

[दृश्य : स्मशानभूमी. कुंपणाला बांधलेले रंगीत रुमाल]

येणारेजाणारे गळ्यातला रुमाल सोडून इथे बांधतात. मॉलीच्या दगडावर कोरलंय, हिने सारं आयुष्य दुसऱ्यांच्या सेवेत घालवलं.

[फक्त वारा]