एका फळीची पेटी

करवत अजून बाजूलाच आहे. कारागीर फळी उलटसुलट करून पाहतोय. ओलं फडकं फिरवलं की पॉलिशनंतर लाकूड कसं दिसेल याचा अंदाज येतो. अक्रोडाच्या तपकिरी अंगावर काळपट लाटा उमटतात, शिसवातली जांभळट झाक वर येते. पेटी सुंदर होणार की नुसती नीटनेटकी, हे बरंचसं इथेच ठरतं.

शिसवाच्या कुळातल्या लाकडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, नियंत्रणाखाली आहे, आणि ते योग्यच आहे. पेटीला अख्खं झाड लागत नाही. मोठ्या कामातून उरलेला हातभर तुकडाही पुरतो.

चारही बाजू एकाच फळीतून ओळीनं कापायच्या. मग लाकडाची रेषा कोपऱ्यावरून वळून पुढच्या बाजूवर चालत राहते. तीन कोपरे असे जुळतात. चौथ्यावर फळीची दोन टोकं भेटतात आणि रेषा तुटते. त्यावरचा तोडगा मला या सगळ्या कामात फार देखणा वाटतो. जाड फळी घ्यायची, जाडीतून चिरून तिच्या दोन पातळ फळ्या करायच्या आणि पुस्तकासारख्या उलगडायच्या. दोन्हींवर तीच नक्षी, फक्त उलट. प्रत्येकीतून दोन-दोन बाजू काढल्या की रेषा पेटीभोवती अखंड फिरते.

कोपऱ्यांचे काप ४५ अंशांचे. असे काप आठ. प्रत्येकात पाव अंश चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यावर दोन अंशांची फट उघडी पडते. आणि हा जोड मुळात नाजूक, कारण फळीचं कापलेलं तोंड सरस पिऊन टाकतं. म्हणून सरस वाळल्यावर कोपऱ्यात खाचा पाडून वेगळ्या रंगाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या बसवतात. त्या दिसतात नक्षीसारख्या, पण कोपरा त्यांनीच धरलेला असतो.

झाकणाच्या फळीला मात्र सरस लावायचा नाही. लाकूड कापून कितीही वर्षं झाली तरी हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगतं, आकसतं; लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत चांगलंच. जखडून टाकलं तर फळी तडकते, नाहीतर जोड उघडतो. म्हणून ती चौकटीच्या खाचेत सैल बसवतात.

आता छातीत धडधड होईल असं काम. पेटी सहाही बाजूंनी बंद, आणि करवतीनं तिचाच वरचा भाग कापून झाकण वेगळं करायचं! वेगळं झाकण करून बसवण्यापेक्षा हेच बरं, कारण पातं खाईल तेवढीच रेषा जाते. झाकण मिटलं की उभी नक्षी पुन्हा सलग दिसते.

घासताना तोंडावर मास्क हवाच. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं लाकडाचा भुसा कर्करोगकारक ठरवलेला आहे.

बाहेरून तेल किंवा लाखेचं पॉलिश, आवडीप्रमाणे. आतून जवसाचं तेल नको, बंद पेटीत त्याचा वास महिनोन्‌महिने कोंडून राहतो. आत पातळ लाख आणि मेण पुरेसं. चेरीसारखं लाकूड असेल तर सुरुवातीचे काही आठवडे पेटीवर वस्तू ठेवू नये. हे लाकूड उजेडात गडद होत जातं, आणि झाकलेली जागा फिकट राहते.