आधी त्याच्या उंचीवर बसा

विषय जाहीर झालाय तो ‘पाळीव प्राण्यांची चित्रं : ऑर्डर कशी घ्यावी, दर कसा ठरवावा’. दराकडे येतेच. पण आधी फोटोबद्दल बोलू द्या, कारण निम्मी चित्रं तिथंच बिघडतात.

लोक फोटो काढतात उभ्यानं. कुत्रा खाली, फोन वर. मग डोकं भोपळ्याएवढं, पाय गायब. त्यात जवळून काढला की नाक फुगतं, कान मागं पळतात. आणि फ्लॅश! डोळ्यांच्या पडद्यामागच्या चकचकीत थरावरून उजेड परततो आणि डोळे हिरवे पेटतात. बुबुळाचा रंग मी आणायचा कुठून?

एका कुटुंबाचा गावठी कुत्रा गेला होता. डावा कान मोडलेला. व्हॉट्सॲपवर ढीगभर फोटो आले, सगळे वरून. म्हटलं, जुने अल्बम काढा. त्यात सत्यनारायणाच्या पूजेचा एक फोटो सापडला. काढणारा पाटासमोर मांडी घालून बसलेला, म्हणून कॅमेरा आपोआप खाली आलेला. आणि मागं उंबऱ्यात हा, खिडकीच्या उजेडात, प्रसादाकडे टक लावून. मोडलेल्या कानाची घडी स्वच्छ दिसत होती. डोळ्यांचा रंग मात्र कळेना. घरातल्या आजींना फोन केला. त्या लगेच म्हणाल्या, “काकवीसारखे होते गं, उन्हात धरलेल्या.” बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, पातळ हात, खाली पिवळा. चित्र पाहून त्यांनी आधी कानावर बोट ठेवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे : आपण जात रंगवत नाही, लॅब्राडोर रंगवत नाही, तर घरातला तो एक जीव रंगवतो. १७६२च्या सुमारास इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्सनं मालकाच्या सांगण्यावरून ‘व्हिसलजॅकेट’ हा घोडा जवळजवळ तीन मीटर उंच कॅनव्हासवर रंगवला. मागं डोंगर नाही, झाड नाही, पाठीवर स्वार नाही. नुसता तो घोडा. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, गेलात तर समोर उभे राहा. आपल्याकडे जहांगीरच्या दरबारातला चित्रकार मन्सूर पक्ष्यांकडे असंच बघायचा.

हो, आणि काळं कुत्रं ट्यूबमधल्या काळ्यानं भरू नका, भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळा.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर दर. नुसता आकार मोजून सांगू नका; चेहरे किती ते विचारा. छोट्या कागदावरची दोन मांजरं मोठ्या कागदावरच्या एकापेक्षा जास्त वेळ खातात. निम्मे पैसे पेन्सिल उचलण्याआधी घ्या. ओळखीचे असले तरी घ्या, ओळखीतच जास्त अडकतात. कच्चं रेखाटन दाखवून होकार घ्या, त्यानंतरच्या बदलांचे पैसे वेगळे. फ्रेम आणि कुरिअर वेगळं. काच कुरिअरनं पाठवू नका. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर व्हॉट्सॲप त्यातले केस खातं.

शेवटचं, आणि हे लिहून घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याचा असतो. म्हणजे उद्या त्याच चित्राचं कॅलेंडर छापायचं असेल, तर ते आजच दोन ओळींत लिहून सही घ्या. फोटो दुसऱ्या कुणी काढलेला असेल, तर त्याचीही परवानगी घ्या. माझ्या कराराच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत, जाताना न्या.