तीन हजार गेले, रानडे राहिले

मंडळी, विषय गोव्याच्या राजकीय कैद्यांचा आहे आणि मी सुरुवात करणार आहे पोर्तुगीज कैद्यांपासून. मे 1962. गोवा मुक्त होऊन साडेचार महिने झालेत. वास्को, नावेली, फोंडा इथल्या छावण्यांत तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक आपल्या ताब्यात होते. फ्रेंच कंपनीची विमानं भाड्यानं घेऊन त्यांना कराचीला नेलं आणि तिथून जहाजांनी लिस्बनला. जहाजं ताग्युस नदीच्या मुखातून आत शिरली. धक्क्यावर बायकापोरं वाट बघत होती, पण आधी पुढे आले ते बंदूकधारी लष्करी पोलीस. स्वतःच्याच सैनिकांवर बंदुका. कारण 14 डिसेंबर 1961 ला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यानं गोव्याचे गव्हर्नर वासालो इ सिल्वा यांना तार केली होती, की आमचे सैनिक आणि खलाशी एक तर विजयी असतील किंवा मेलेले. ही माणसं तर हातीपायी धड परत आली होती!

आता त्याच नदीच्या काठावर, लिस्बनच्या थोडं अलीकडे, काशियश नावाचा किल्ला आहे. बंदरात जाणारं जहाज त्याच्या समोरूनच जातं. राजकीय कैद्यांसाठी तो बदनाम होता आणि तिथंच गोव्याच्या मुक्तिलढ्यातले आपले मोहन रानडे होते. शिक्षा सव्वीस वर्षांची. गोवा स्वतंत्र झाला तरी ते आतच. बाहेर आले 25 जानेवारी 1969 ला.

म्हणजे आपण त्यांचे तीन हजार सोडले आणि त्यांनी आपला एक सोडला नाही. असं कसं झालं, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

थोडं मागं जाऊ. जून 1953 मध्ये भारतानं लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली, कारण गोव्याबद्दल बोलायलाच ते तयार नव्हते. त्यांच्या लेखी गोवा ही वसाहत नव्हतीच, तो पोर्तुगालचा सागरापलीकडचा प्रांत होता. हे शब्द नीट ऐका, कारण कैद्यांचं सगळं भवितव्य या शब्दांवर टांगलेलं होतं. गोवा पोर्तुगालचा प्रांत, तर गोवेकर पोर्तुगीज नागरिक आणि त्याला पकडलं हा त्यांचा घरचा मामला. फेब्रुवारी 1954 मध्ये डॉ. पुंडलिक गायतोंडे एका मेजवानीत बसले होते. गोवा म्हणजे पोर्तुगाल असं कुणी भाषणात म्हणालं, तेव्हा ते एवढंच बोलले, "मी निषेध करतो." त्यांना अटक करून लिस्बनला धाडण्यात आलं. भारत कोणत्या नात्यानं विचारणार? गायतोंडे आमचे नागरिक आहेत म्हणावं, तर कागदावर ते नव्हते.

आणि जो सांगलीचा, पुण्याचा, बंगालचा होता, त्याचं काय? तो परदेशी घुसखोर. 1955 च्या सत्याग्रहात बहुतेकांना मरेस्तोवर मारून सरहद्दीवर आणून टाकत. त्या सुटकेला ना अर्ज लागत होता ना वकील! पुढारी मात्र ठेवून घेतले. ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये, जगन्नाथराव जोशी, आणि बंगालचे त्रिदिब चौधरी, जे तेव्हा लोकसभेचे विद्यमान खासदार होते. मधू लिमयांना लष्करी न्यायालयानं बारा वर्षं ठोकली. त्यांनी बचाव केला नाही आणि अपीलही केलं नाही.

हे अपील न करणं जरा समजून घ्यायला हवं. पोर्तुगीज अंमलात सरकारकडे अर्ज म्हणजे पापेल सेलादु, मुद्रांकित कागद. सरकारी पत्राच्या शेवटी एक ठरलेली ओळ येई, 'आ बें दा नासांव', राष्ट्राच्या भल्यासाठी. कुठल्या राष्ट्राच्या? जो माणूस हे राष्ट्र इथलं नाहीच असं सांगायला सरहद्द ओलांडून आला, त्यानं याच राष्ट्रापुढे कागद करायचा म्हणजे त्याचा न्यायाधीश मान्य करायचा. सत्याग्रही ते करणार नव्हता. गंमत अशी, की दिल्लीचीही नेमकी हीच अडचण होती. 'सोडा' म्हणायचं, तर पकडण्याचा तुमचा अधिकार आम्हाला मान्य आहे असा त्याचा अर्थ निघू नये, याची काळजी. आणि विनंती केली नाही, तर माणूस आत सडतोय.

त्यात 15 ऑगस्ट 1955 ला गोळीबार झाला, वीसहून जास्त सत्याग्रही मारले गेले. त्याच महिन्यात दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात बंद झाली होती. 1 सप्टेंबरला पणजीतली आपली कचेरीही आपण बंद केली. राजकीय पाऊल म्हणून ठीक. पण गोव्यातल्या आग्वाद किल्ल्याच्या तुरुंगातल्या कैद्याच्या बाजूनं बघा. त्याला भेटायला येऊ शकेल, त्याच्या आईचं पत्र पोचवू शकेल असा एकुलता एक सरकारी माणूस त्या दिवशी गाठोडं बांधून निघून गेला. नेहरूंवर टीका करायची ही जागा आहे असं मला वाटतं, आणि ती फारशी कुणी करत नाही. संबंध तोडण्याचा खर्च मंत्रालयाला पडत नाही, तो तुरुंगात असलेल्याला पडतो.

मग बोलायचं कसं? राजनैतिक व्यवहारात याला एक जुनी सोय आहे, हितरक्षक राष्ट्राची. दोन सरकारं बोलत नसली, की प्रत्येक जण एक तिसरा देश नेमतो. गोव्यात आपलं हित बघायला इजिप्त, भारतात पोर्तुगालचं बघायला ब्राझील. आपल्याकडे भाऊबंदकीत नाही का, एकाच वाड्यातले दोघे भाऊ शेजारच्या काकूंमार्फत बोलतात, "त्यांना सांगा, नळ बंद करा म्हणावं." तसंच. फरक एवढाच, की निरोप कैरोवरून जायचा. प्रत्येक निरोपाला आठवडे लागायचे आणि निरोप्याचीही स्वतःची भांडणं असायची. 1956 च्या शेवटी तर इजिप्तवरच सुएझसाठी बॉम्ब पडत होते.

तरी फेब्रुवारी 1957 मध्ये गोरे, लिमये, जोशी, चौधरी ही मंडळी सुटली. का सुटली? माझं मत सांगतो. पोर्तुगाल डिसेंबर 1955 मध्ये संयुक्त राष्ट्रांत शिरला होता. तिथं विचारणा झाली, की तुमच्याकडे परतंत्र प्रदेश किती? उत्तर गेलं, एकही नाही. असं उत्तर दिलेल्या देशाला दुसऱ्या देशाचा खासदार तुरुंगात ठेवणं अवघड जातं. शिवाय ही माणसं बाहेरची होती. त्यांना सरहद्दीपार काढलं की प्रकरण मिटतं, त्यात कुठलं तत्त्व सोडावं लागत नाही. गोरे तर काही आठवड्यांत पुण्यातून लोकसभेवर निवडून गेले. गोवेकर कैद्यांना मात्र हे दार उघडं नव्हतं. त्यांना कुठल्या सरहद्दीपार काढणार? ते तर घरीच होते.

रानडे या दोन खणांपैकी एकातही नीट बसत नव्हते. मूळचे सांगलीचे, पण सावई-वेऱ्याला मराठीचे शिक्षक होऊन राहिले आणि आझाद गोमंतक दलात गेले. ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला करताना गोळ्या लागून पकडले गेले. सत्याग्रही नव्हे, सशस्त्र. म्हणून लोकसभेत त्यांच्यासाठी गोरे-लिमयांसारखा आवाज उठायला वेळ लागला. अहिंसेचं नाव घेणाऱ्या सरकारला बंदूकवाल्याची बाजू मांडताना जरा घसा खाकरावा लागतो.

आता परत 1962 च्या प्रश्नाकडे. आपल्या हातात तीन हजार होते, मग अदलाबदल का नाही? सालाझारनं ती चाल केलीच होती. मोझांबिकमधल्या भारतीयांना, बहुतेक गुजराती व्यापारी कुटुंबांना, त्यानं छावण्यांत कोंडलं, मालमत्ता गोठवली. त्यामुळे त्याच्याच सैनिकांची सुटका लांबली. आपण काय केलं? 1949 च्या जिनिव्हा करारात स्पष्ट आहे, लढाई थांबली की युद्धकैदी विनाविलंब सोडायचे. ते ओलीस नव्हेत. भारतानं ते तत्त्व पाळलं आणि मला ते योग्य वाटतं. पण शिक्षा झालेला राजकीय कैदी युद्धकैदी नसतो. करारात त्याला जागाच नाही. त्यामुळे कायद्यानं चालणारा हात मोकळा करून बसला आणि न चालणाऱ्याची मूठ मिटलेलीच राहिली. सौदा नको, मान्य. पण विमानं उडण्याआधी नावांची एक यादी टेबलावर अडून बसली असती तर? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला आहे, आणि दर वेळी माझं उत्तर थोडं वेगळं येतं.

पुढची सात वर्षं हे काम सरकारपेक्षा माणसांनी केलं. सुधीर फडक्यांना आपण गाण्यांमुळे ओळखतो. पण दादरा-नगर हवेलीच्या लढ्यात ते स्वतः होते आणि रानडे विमोचन समितीसाठी त्यांनी वर्षानुवर्षं पायपीट केली. आणि सगळ्यात अनपेक्षित माणूस म्हणजे मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई. 1968 मध्ये परदेश दौऱ्यावर असताना ते व्हॅटिकनमध्ये पोप पॉल सहावे यांना भेटले. देवधर्म न मानणाऱ्या परंपरेतला हा द्रविड नेता. त्यानं पोपकडे स्वतःच्या राज्यासाठी काही मागितलं नाही, मागितला तो एक मराठी कैदी.

पोपच का, तर लिस्बनचं सरकार ज्याचं ऐकून घेतल्यासारखं दाखवू शकेल असा तोच एक होता. भारताच्या विनंतीला होकार म्हणजे माघार, पोपच्या शब्दाला होकार म्हणजे पुण्य. तिकडेही रुसवेफुगवे होतेच. 1964 मध्ये पोप मुंबईला आले, तेव्हा पोर्तुगालनं तो आपला विनाकारण अपमान मानला होता. पण 1967 मध्ये ते पोर्तुगालमधल्या फातिमा या तीर्थक्षेत्राला गेले आणि वातावरण निवळलं. मग ऑगस्ट 1968 मध्ये सालाझार खुर्चीवरून पडला, अगदी शब्दशः, डोक्याला मार लागला आणि सत्ता मार्सेलु कायतानुकडे गेली. नव्या माणसाला थोडं उदार दिसायचं होतं. चार महिन्यांत रानडे बाहेर.

रानडे भारतात परतले आणि अण्णादुराईंचे आभार मानायला मद्रासला गेले. अण्णादुराई 3 फेब्रुवारीलाच वारले होते.

तेलो द मास्कारेन्यस मात्र आणखी एक वर्ष आत राहिले. कवी, वकील, पोर्तुगालमधल्या कोइंब्राला शिकलेले, पोर्तुगीजमध्ये लिहिणारे आणि जन्मानं गोवेकर. म्हणजे लिस्बनच्या हिशेबात 'घरचे'. ते 1970 मध्ये सुटले. इकडे गोव्यात फादर चिको मोंतेरो यांचं प्रकरण चालू होतं. त्यांनी भारतीय नागरिकत्व नाकारलं, राहण्याचा परवाना संपल्यावर नूतनीकरण केलं नाही, त्यांना तीस दिवसांची कैद आणि पन्नास रुपये दंड झाला. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1969 मध्ये हरले. तेलोंची सुटका आणि मोंतेरोंची सुटका गोव्यातले जुने लोक एकमेकींना जोडूनच सांगतात. आरशात पाहावं तसं आहे हे. एक आपल्या लेखी भारतीय आणि त्यांच्या लेखी पोर्तुगीज, दुसरा नेमका उलटा.

31 डिसेंबर 1974 ला दिल्लीत करार झाला, पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. आपल्या बाजूनं सही यशवंतराव चव्हाणांची, त्यांच्या बाजूनं परराष्ट्रमंत्री मारियु सुआरिश यांची. चव्हाण इंग्रजांच्या तुरुंगात जाऊन आलेले, सुआरिश सालाझारच्या. इजिप्त नाही, ब्राझील नाही, पोप नाही. समोरासमोर बसून.

मी थांबतो. मागच्या रांगेतल्या काकांनी मघाशी हात वर केला होता, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.