दिवा जपा, मग गुहेत उतरा

नमस्कार श्रोतेहो. पडद्यावर चित्र नाही, नुसती अक्षरं. तुम्ही रस्त्याच्या टोकाशी उभे आहात, समोर विटांची छोटी इमारत आहे, एवढं सांगून संगणक थांबतो. पुढे काय करायचं ते तुम्ही टाइप करायचं. हा 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर' नावाचा संगणक-खेळ. गुहेतला खजिना शोधून इमारतीत आणायचा आणि गुण मिळवायचे. विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रामरने १९७५-७६ च्या सुमारास तो फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला. केंटकीतल्या मॅमथ केव्हची मोजणी करणाऱ्यांपैकी तो एक, त्यामुळे खेळातल्या बऱ्याच वाटा खऱ्या गुहेतल्या आहेत. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने खेळ वाढवला. आपण त्याच, जास्तीत जास्त ३५० गुण देणाऱ्या आवृत्तीबद्दल बोलतोय.

आज्ञा एका किंवा दोन शब्दांची. शब्दाची पहिली पाचच अक्षरं वाचली जातात, कारण पीडीपी-१० संगणकाच्या स्मृतीतल्या ३६ बिटांच्या एका घरात सात बिटांची पाच अक्षरं मावतात. म्हणून 'नॉर्थईस्ट' पूर्ण लिहिलंत तर खेळ तुम्हाला सरळ उत्तरेला धाडतो. 'एन-ई' एवढंच लिहा.

इमारतीत किल्ल्या, दिवा, खाणं आणि पाण्याची बाटली मिळते. घात होतो तो दिव्यापायी. तो फक्त ३३० चाली जळतो. सुरुवातीला 'सूचना हव्यात का' या प्रश्नाला 'येस' म्हटलंत तर १००० चाली मिळतात आणि ५ गुण कापले जातात. नवख्याने हा सौदा खुशाल करावा! उजेडात आलात की दिवा विझवा. अंधारातून अंधारात टाकलेल्या प्रत्येक पावलाला खड्ड्यात पडण्याची शक्यता ३५ टक्के. नवी बॅटरी यंत्रातून मिळते, पण त्यात नाणी टाकावी लागतात. ती नाणी म्हणजे खजिन्यातलीच एक वस्तू, म्हणजे पूर्ण ३५० गुण हुकलेच.

पुष्कळ जण अडतात ते पक्ष्यापाशी. पिंजरा हातात असूनही पक्षी सापडत नाही, कारण तो तुमच्याजवळच्या काळ्या काठीला बिचकतो. काठी खाली ठेवा, पक्षी पकडा, मग काठी परत उचला. पुढे डोंगराच्या राजाच्या दालनात साप वाट अडवतो. तिथे पक्षी सोडा, तो सापाला पळवून लावतो. काठीही टाकून देऊ नका. दरीच्या काठावर ती हलवली की स्फटिकाचा पूल उभा राहतो.

आता सगळ्या खोल्या सारख्याच दिसणारा चक्रव्यूह. इथे आल्या वाटेने उलट गेलात तरी आधीची खोली मिळेलच असं नाही. प्रत्येक खोलीत एक वेगळी वस्तू टाका, आणि कुठल्या दिशेने कुठे पोचलात ते कागदावर मांडत जा. हातात एका वेळी सातच वस्तू राहतात, तेव्हा फेऱ्या माराव्या लागतील. खुणेसाठी खजिना वापरू नका, चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, गाठ पडला की खजिना लांबवतो. तसा तो माल बुडत नाही म्हणा. त्याची पेटी याच चक्रव्यूहात दडवलेली आहे आणि लुटलेलं सगळं तिच्याजवळच पडलेलं असतं.