हंबरच्या चाकाच्या बोटी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हल शहरात एक अजब रेल्वे स्टेशन होतं. तिकीट खिडकी होती, रूळ मात्र नव्हते. कॉर्पोरेशन पिअर त्याचं नाव. इथं तिकीट काढायचं, बोटीत बसायचं आणि हंबरची रुंद खाडी ओलांडून न्यू हॉलंडला उतरायचं. गाडी तिथल्या लांबलचक धक्क्यावर उभी असायची.

१८४८ मध्ये रेल्वे न्यू हॉलंडला पोहोचली आणि फेरीही रेल्वेच्याच ताब्यात राहिली. १९३४ मध्ये एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) कंपनीने 'टॅटरशॉल कॅसल' आणि 'विंगफील्ड कॅसल' या जुळ्या बोटी हार्टलपूलला बांधून घेतल्या. पुढे ग्लासगोची 'लिंकन कॅसल' आली. तिन्ही कोळशावर चालणाऱ्या, दोन्ही बाजूंना फळ्यांची मोठी चाकं असलेल्या.

पाण्याखालच्या पंख्याने (प्रोपेलरने) चालणाऱ्या बोटी सर्रास झालेल्या असताना चाकं कशाला? कारण हंबरचा तळ. गाळ सतत सरकतो, वाळूचे दांडे जागा बदलतात आणि ओहोटीला पाणी फार उतरतं. पंखा पुरता पाण्याखाली राहायला खोली लागते. चाक बाजूला असतं, त्याच्या फक्त खालच्या फळ्या बुडाल्या तरी काम भागतं. म्हणून सुमारे २०० फुटांची बोट जेमतेम दीड मीटर पाण्यात बुडायची. तरीही ती अधूनमधून वाळूत रुतायचीच. मग भरतीची वाट पाहण्यावाचून इलाज नसे.

इंजिन तिरपं बसवलेलं, तीन सिलिंडरचं. बॉयलरची वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये, मग मधल्या आणि शेवटी सर्वांत मोठ्या सिलिंडरमध्ये जायची. दाब उतरत गेला की तेवढाच जोर मिळवायला पिस्टन मोठा लागतो. पण दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. एक पुढे, एक मागे असं फिरवून बोट जागच्या जागी वळवता येत नसे. शिवाय बोट कलली की एक चाक खोल जाई, दुसरं वर येई, आणि नाक भलतीकडे ओढलं जाई.

१९७८ मध्ये 'लिंकन कॅसल'चा बॉयलर निकामी ठरला आणि कोळशाचा जमाना संपला. आता फेरी 'फॅरिंगफर्ड'वर आली. हीसुद्धा चाकाचीच, पण डिझेल-इलेक्ट्रिक. दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटारी. म्हणजे वळण्याची जुनी अडचण सुटली ती अगदी अखेरीला. २४ जून १९८१ रोजी हंबर पूल वाहतुकीला खुला झाला आणि फेरी थांबली.

'टॅटरशॉल' आज लंडनमध्ये थेम्सवर पब आहे, 'विंगफील्ड' हार्टलपूलच्या संग्रहालयात. 'लिंकन' २०१० मध्ये ग्रिम्सबीला भंगारात गेली.