खाली किती वाजता यायचं?

(अलिबागमध्ये नवख्या डोंगरभटक्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, अर्ध्या दिवसाची डोंगरभटकंती ठरवायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, कुठे जायचं? कोकणात तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, खाली किती वाजता यायचं? माझं उत्तर ठरलेलं: साडेअकरा. बाकीचा सगळा बेत तिथून मागे मोजत यायचा.

घाटावरून आलेले पाहुणे आपल्या डोंगरांची उंची ऐकून हसतात. सागरगड चारशे मीटरच्या आसपास, कनकेश्वर त्याहून थोडा कमी. आणि सिंहगड तेराशेच्या वर! पण पुणंच मुळी साडेपाचशे मीटरवर वसलंय. आपल्या खंडाळ्यात, म्हणजे पेण रस्त्यावरच्या खंडाळ्यात, लोणावळ्याजवळच्या नव्हे, तुम्ही सागरगडाच्या वाटेला लागता तेव्हा जवळजवळ समुद्राच्या पातळीवर असता. नकाशात लिहिलेली उंची पुरती चढावी लागते. आणि तीही दमट हवेत. घाम येण्याने अंग गार होत नाही, घाम वाळण्याने होतं. इथे शर्ट पाठीला चिकटतो आणि अंग तापतच राहतं. म्हणून माणशी तीन लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत. साध्या पाण्यातून घामावाटे गेलेलं मीठ परत मिळत नाही.

आता वेळेचं गणित. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा मांडला: सपाटीला तासाला साधारण पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास जास्तीचा. सागरगडाची वाट एका बाजूने पाच किलोमीटर धरू. एक तास चालण्याचा, चाळीस मिनिटं चढाची. कागदावर पावणेदोन तासांच्या आत माथा! स्कॉटलंडच्या गारव्यात असेलही. आपण अडीच तास धरायचे, कारण सिद्धेश्वराच्या देवळापाशी सगळे टेकणार, धबधब्याच्या समोर फोटो निघणार, आणि माचीवरच्या वाडीत कुणीतरी ताक मिळतं का विचारणार. माथ्यावर एक तास. उतरायला दोन. झाले साडेपाच तास. साडेअकरातून वजा करा: सकाळी सहा. थंडीच्या दिवसांत तेव्हा अंधार असतो, म्हणून प्रत्येकाकडे विजेरी हवी. मोबाइलचा उजेड मी धरत नाही, कारण तो एका हातात अडकतो.

मुंबईकरांनी इथेच नीट ऐकावं. पहाटेचं निघणं आणि त्याच दिवशी मुंबईहून येणं ही दोन कामं एकत्र जमत नाहीत. गेटवेवरून बोटीने मांडवा, तिथून पुढे रस्त्याने, यात सकाळ संपते. पावसाळ्यात तर त्या बोटी बंदच असतात. आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करा, नाहीतर सागरगड सोडून द्या.

सकाळचा हट्ट नुसत्या उन्हासाठी नाही. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, उजेड सरळ पाण्यावर पडतो आणि किनारा रेखल्यासारखा दिसतो. दुपारनंतर सूर्य समोर आला की पाणी नुसतं चमकतं, बेटं काळे ठिपके होतात. शिवाय पश्चिमेच्या अंगाने चढत असाल तर बराच वेळ डोंगराचीच सावली मिळते. एक अडचण मात्र असते: सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तोही मंद. खारा वारा सुटतो तो जमीन तापल्यावर, म्हणजे तुम्ही उतरायला लागल्यावर.

माथ्यावरून किती लांबचं दिसावं याचाही हिशेब आहे. मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला साडेतीनहून किंचित मोठ्या आकड्याने गुणा, क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. वाळूत उभ्या माणसाला साडेचार किलोमीटर, सागरगडावरून सत्तर. हिवाळ्यातल्या धुरकटात तुम्हाला त्याच्या चौथाईही दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पाऊस ओसरल्यावरचे दिवस खरे, हवा धुतलेली असते. तेव्हा खाली अलिबागसमोरच्या पाण्यातला कुलाबा किल्ला, उत्तरेकडे खांदेरी आणि तिच्या शेजारी उंदेरी, आणि मागे वळलात तर धरमतरची खाडी. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर बांधकाम सुरू केलं तेव्हा मुंबईचे इंग्रज का बिथरले, ते तिथे उभं राहिल्यावर पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर कळतं. ते बेट मुंबईच्या तोंडावर आहे. वर्षभरातच सिद्दीने उंदेरी बळकावून तटबंदी घातली. दोन बेटं, मधे जेमतेम पाणी. हाच सागरगड १६६५ च्या पुरंदरच्या तहात दिलेल्या तेवीस किल्ल्यांतला.

भर पावसात सागरगडाचा धबधबा बघायला जा, समुद्र बघायला नको. ढगात बसून परत याल. आणि कुठल्याही मोसमात बसताना दगड हलवू नका, खाली हात घालू नका. कोकणात फुरसं आणि लाल विंचू दोन्ही आहेत.

मघाशी एका ताईंनी विचारलं, आईला गुडघे दुखतात, तिने काय करायचं? कोर्लई. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडावरची पोर्तुगीजांची गढी, उंची शंभर मीटरच्या आतबाहेर, पायथ्याला दीपगृह. सावकाश चढा, दोन्ही बाजूंना पाणी दिसतं. सागरगडाहून मला तेच दृश्य जास्त आवडतं, पण गिर्यारोहकांत असं बोललेलं चालत नाही.

शेवटी कुलाब्याबद्दल, कारण उतरल्यावर पायी किल्ल्यात जाऊ, असा बेत बहुतेक सगळे करतात. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे दुपारी बाराच्या सुमाराला. वाटतं, जमलं! पण ती भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी जोराची ओहोटी, पाणी पुरतं उतरत नाही, गुडघाभर राहू शकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप आत जातं, पण ते सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. दुपारी बाराला तिथे भरती असते. थोडक्यात, आपल्या किनाऱ्यावर भर दुपारची ओहोटी भांगाचीच. तेव्हा डोंगर सकाळी करा, जेवा, झोपा, आणि पौर्णिमेच्या आसपासचा दिवस असेल तर चारनंतर किनाऱ्यावर जाऊन घोडागाडीवाल्याला पाणी विचारा. परत कधी फिरायचं, तेही त्यालाच विचारून ठेवा.